बिघाड शोधण्याचेही पैसे द्या

चालता चालता बंद पडणारी आणि पंधरा-वीस मिनिटे बाजूला उभी केल्यावर पुन्हा झटक्यात सुरू होणारी जुनी मोटार, हे गॅरेजवाल्याच्या वाट्याला येणारे सगळ्यात अवघड काम आहे. क्लचप्लेट गेली, सेल्फ जळाला, रेडिएटर फुटला, तर बिघाड समोर दिसतो. काय उघडायचे, काय बदलायचे आणि बिल किती होणार हे ठरलेले असते. अधूनमधून उद्भवणारा बिघाड मात्र गॅरेजच्या दारात पोचेपर्यंत नाहीसा झालेला असतो. मिस्त्री स्विच देतो, इंजिन लगेच सुरू होते, एक फेरी मारून आणली तरी तक्रार नाही. मालक म्हणतो, काहीतरी करून द्या. मग कॉइल बदलली जाते. आठवड्याने गाडी पुन्हा बंद पडते तेव्हा कंडेन्सर बदलला जातो, नंतर प्लग, नंतर पेट्रोलचा पंप, आणि शेवटी कार्बोरेटरच नवा बसतो. या सगळ्यात चार-पाच चांगले पार्ट भंगारात जातात आणि मूळ बिघाड जिथल्या तिथे राहतो. दोष बहुतेक वेळा मिस्त्रीच्या माथी मारला जातो. माझ्या मते तो आपल्या हिशेबाच्या पद्धतीत आहे. दोन तास शोधाशोध करून एक सैल स्क्रू आवळणाऱ्याला आपण स्क्रू आवळण्याचे पैसे देतो, आणि दहा मिनिटांत कॉइल बदलणाऱ्याला कॉइलची किंमत अधिक मजुरी. शोधण्यात गेलेल्या वेळाला बिलात जागाच नसेल तर शोधण्याचे काम होणार कसे?

उदाहरणासाठी प्रीमिअर पद्मिनी घेऊ, कारण महाराष्ट्रातल्या वाचकाला तिची ओळख करून द्यायला नको. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ मध्ये स्थापन झालेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या परवान्याने मोटारी बांधल्या. १९६४ मध्ये फियाट ११०० चे ‘डिलाइट’ हे रूप आले, सत्तरच्या दशकात त्याच गाडीला पद्मिनी हे नाव मिळाले आणि विसावे शतक संपेपर्यंत ती बनत राहिली. मुंबईची काळीपिवळी म्हणजे पद्मिनी, असे समीकरण काही दशके टिकले. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदवली गेली. वीस वर्षांची मुदत संपल्यावर, ३० ऑक्टोबर २०२३ पासून, मुंबईत पद्मिनी टॅक्सी चालणे बंद झाले. आता उरल्या आहेत त्या हौसेने सांभाळलेल्या खासगी गाड्या. इंजिन १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे. संगणक नाही, सेन्सर नाही, विजेची सगळी जोडणी एका कागदावर मावेल इतकी सुटसुटीत. इतक्या साध्या गाडीतही बिघाड वर्ष-वर्ष सापडत नसेल, तर अडचण गाडीच्या गुंतागुंतीत नसून शोधण्याच्या रीतीत आहे, असेच म्हणावे लागेल.

ही रीत समजण्यासाठी इंजिनात ठिणगी कशी पडते ते थोडे पाहू. बॅटरीचे बारा व्होल्ट कॉइलच्या पहिल्या वेटोळ्यातून जातात. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट उघडले की तो प्रवाह एकदम तुटतो, आणि त्या तुटण्यामुळे कॉइलच्या दुसऱ्या, कितीतरी पट जास्त वेढ्यांच्या वेटोळ्यात पंधरा-वीस हजार व्होल्टचा दाब तयार होतो. रोटर तो ज्याच्या त्याच्या प्लगकडे पाठवतो. पॉइंट उघडताना त्यांच्यातच ठिणगी पडून ते जळू नयेत आणि प्रवाह झटक्यात तुटावा म्हणून शेजारी कंडेन्सर असतो. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही रचना आणली आणि पुढे सहा-सात दशके जगभरच्या पेट्रोल गाड्या तिच्यावर चालल्या. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर मिनिटाला ६,००० म्हणजे सेकंदाला शंभर ठिणग्या लागतात. पॉइंटमधली फट जेमतेम ०.४ ते ०.५ मिलिमीटर. बारा व्होल्टची एखादी वायर क्षणभर सुटली की काही ठिणग्या चुकतात आणि गाडी ‘मिसिंग’ मारते. दोन-तीन सेकंद सुटली की इंजिन बसते. सुटलेली वायर परत टेकली की सगळे पूर्ववत. मागे काही खूण राहत नाही.

आता त्या नेहमीच्या तक्रारीकडे येऊ: गाडी गरम झाली की बंद पडते, थंड झाली की चालते. हे वाक्य मालक अगदी खात्रीने सांगतो, आणि सगळी फसगत इथेच सुरू होते. त्याने प्रत्यक्ष पाहिले ते इतकेच की गाडी बंद पडली, काही वेळ गेला आणि ती सुरू झाली. तेवढ्या वेळात इंजिन थंड झाले हे खरे, पण बाकीच्याही गोष्टी घडल्या. कॉइलमधली तार आतून तुटकी असेल तर ती उष्णतेने फुगून सुटते आणि निवल्यावर पुन्हा टेकते. कंडेन्सरचा आतला पडदा तापल्यावर करंट गळू देतो आणि निवल्यावर सावरतो. पेट्रोलच्या नळीत किंवा पंपात पेट्रोलची वाफ झाली असेल तर ती निवून परत पेट्रोल होते. घाटात पेट्रोलच्या पंपावर ओले फडके टाकणारे जुने ड्रायव्हर याच कारणावर बोट ठेवत होते. ही तीन कारणे उष्णतेची झाली. पण टाकीच्या झाकणातले हवेचे बारीक छिद्र बुजले असेल, तरीही गाडी नेमकी अशीच वागते. पेट्रोल खर्च होते तशी टाकीत पोकळी तयार होते, पंपाला पेट्रोल ओढता येत नाही, इंजिन बंद पडते. थांबलेल्या वेळात हवा हळूहळू आत शिरते आणि गाडी सुरू होते. टाकीच्या तळातला गंजाचा पापुद्रा नळीच्या तोंडाशी खेचला जाऊन चिकटला तरी तेच. पंपाची ओढ थांबली की पापुद्रा खाली पडतो आणि वाट मोकळी होते. या शेवटच्या दोन कारणांचा उष्णतेशी काडीचा संबंध नाही. म्हणजे पाच वेगवेगळे बिघाड, त्यातले दोन विजेचे आणि तीन पेट्रोलचे, आणि पाचांवर थांबणे हाच तात्पुरता उपाय. अशा वेळी ‘गरम झाल्यावर बंद पडते’ हे निदान होऊ शकत नाही. ती एक शंका आहे, आणि शंका तपासायची असते.

पार्ट बदलण्याचे खरे नुकसान पैशाचे नाहीच, ते पुराव्याचे आहे. कॉइल बदलताना मिस्त्री काय काय करतो ते पाहा. तो दोन वायरी काढतो, त्यांची टोके पॉलिश पेपरने घासतो, नवी कॉइल बसवून नट घट्ट आवळतो. कॉइलचा पत्रा बॉडीला जिथे टेकतो ती जागाही या निमित्ताने साफ होते. दुखणे त्या वायरीच्या टोकाच्या काळवंडलेल्या थिंबलमध्ये असेल तर ते बरे होते आणि श्रेय नव्या कॉइलला मिळते. दोन महिन्यांनी थिंबल पुन्हा सैल झाले की मालक म्हणतो, डुप्लिकेट कॉइल लावली. मिस्त्री म्हणतो, आजकाल माल असाच येतो. दोघेही प्रामाणिक असतात आणि दोघांचेही चुकते. त्याहून वाईट म्हणजे एका दमात कॉइल, कंडेन्सर, पॉइंट, रोटर आणि कॅप असे पाचही पार्ट बदलणे. गाडी सुधारली तर कशाने सुधारली ते कळत नाही, न सुधारली तर आधीच्या बिघाडात एखाद्या नव्या पार्टच्या दोषाची भर पडली का तेही कळत नाही.

बिघाड हजर असताना त्याला गाठणे, हाच यावरचा उपाय. हिवतापाच्या रोग्याचे रक्त तो थंडीने कुडकुडत असताना घ्यावे, तसे. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. पाच-सहा फूट वायर आणि बारा व्होल्टचा एक लहान बल्ब पुरतो. बल्बचे एक टोक कॉइलला स्विचकडून करंट येतो त्या टर्मिनलला जोडायचे, दुसरे बॉडीला, आणि बल्ब आत आणून डॅशबोर्डवर डोळ्यांसमोर ठेवायचा. मग गाडी नेहमीसारखी चालवायची. इंजिन बंद पडले त्या क्षणी बल्ब विझला तर कॉइल, कंडेन्सर, पॉइंट, पेट्रोल सगळे सुटले. बिघाड स्विचमध्ये, स्विचपासून कॉइलपर्यंतच्या वायरीत किंवा बॅटरीकडच्या जोडांत आहे. बल्ब जळतच राहिला तर तिथपर्यंतचे सगळे ठीक, बिघाड पुढे आहे. एका दिव्याने निम्मी गाडी संशयातून बाहेर पडते. पुढच्या पायरीवर, गाडी बंद असतानाच, कॉइलची मधली जाड वायर डिस्ट्रिब्युटरमधून काढून इंजिनच्या लोखंडाजवळ धरायची आणि सेल्फ मारायचा. वायर कोरड्या रबरी पकडीत किंवा चिमट्यात धरावी, हातात नव्हे, आणि आसपास पेट्रोल सांडलेले नको. निळी, तडतडणारी ठिणगी आली तर कॉइल-कंडेन्सर-पॉइंट निर्दोष. पुढे रोटर, कॅप आणि प्लगच्या वायरी तेवढ्या बघायच्या आणि नाही तर पेट्रोलकडे वळायचे. पिवळट, अशक्त ठिणगी आली किंवा आलीच नाही, तर कार्बोरेटरला हात लावण्याचे कारण नाही. टाकीच्या झाकणाची परीक्षा तर याहून सोपी आहे. बंद पडल्या पडल्या झाकण उघडावे. हवा आत ओढल्याचा सूं आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली तर शोध तिथेच संपला.

बंद पडण्याची तऱ्हाही सांगून जाते. स्विच काढून घ्यावा तसे इंजिन एका क्षणात मेले तर बहुधा करंट गेला. आचके देत, दम लागल्यासारखे थांबले तर बहुधा पेट्रोल कमी पडले. पण हा ठोकताळा आहे, नियम नव्हे. निम्मा मेलेला कंडेन्सरही गाडीला आचके देतो, आणि पॉइंटची फायबरची टाच झिजून फट हळूहळू मिटत गेली तर विजेचा बिघाडही पेट्रोलच्या बिघाडासारखा सावकाश येतो. ज्या डिस्ट्रिब्युटरला व्हॅक्यूम ॲडव्हान्स असतो त्यात पॉइंटची पट्टी ॲक्सिलरेटरबरोबर मागेपुढे सरकते आणि तिच्यावरची छोटी लवचीक वायर दर वेळी वाकते. वर्षानुवर्षे वाकून तिचे धागे कव्हरच्या आत तुटतात. वरून वायर धडधाकट दिसते, उभ्या गाडीत करंट बरोबर येतो, आणि ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन गचकते. ही वायर बोटांनी हलवून पाहिल्याशिवाय सापडत नाही, आणि ती हलवून पाहायला सवड लागते. सवडीचे पैसे कुणी देत नाही.

अर्थिंगच्या बाबतीत तर नुसते डोळे आणि नुसता मल्टिमीटर दोन्ही फसवतात. या गाड्यांत करंट वायरीने जातो आणि बॉडीतून परत येतो. परतीची वाट म्हणजे बॅटरीची अर्थ केबल, इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी विणलेली पट्टी, आणि दिव्यांचे बॉडीला कसलेले स्क्रू. रंगाचा हात, गंज, समुद्रावरची खारट हवा यांनी ही वाट अरुंद होत जाते. वीस धाग्यांच्या वायरीतला एकच धागा शाबूत असला तरी मल्टिमीटर ती सलग असल्याचे सांगतो, कारण तपासण्यासाठी तो अगदी नाममात्र करंट सोडतो. हेडलाइटला सुमारे पाच अँपिअर लागतात. जोडात अर्ध्या ओहमचा अडथळा असेल तर बारातले अडीच व्होल्ट तिथेच खर्च होतात. सेल्फ मारताना शंभर-दीडशे अँपिअर किंवा त्याहून जास्त करंट वाहतो, तिथे एका ओहमचा शंभरावा भागसुद्धा एक-दीड व्होल्ट खातो. नेमक्या त्याच वेळी कॉइलला पूर्ण दाब हवा असतो. म्हणून खरी परीक्षा करंट वाहत असताना घ्यायची: मीटरचे एक टोक बॅटरीच्या वजा टर्मिनलवर, दुसरे इंजिनच्या लोखंडावर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगायचे. आकडा अर्ध्या व्होल्टच्या बराच वर गेला तर अर्थिंग खराब. हाच बिघाड पुढे हेडलाइट मंद करतो, हॉर्न घोगरा करतो, डायनॅमोचा लाल दिवा उगाच लुकलुकवतो, आणि प्रत्येक तक्रारीसाठी वेगळा पार्ट बदलला जातो. बल्बचा व्होल्टेज दहा टक्के घटला की उजेड जवळजवळ तीस टक्के घटतो. मंद दिव्यांसाठी नवे बल्ब घेणाऱ्यांनी आधी तो एक स्क्रू काढून, गंज खरवडून, पुन्हा कसून पाहावा.

आपल्याकडच्या पावसाने या सगळ्यात एक वेगळाच घोळ घातलेला आहे. डबक्यातून गाडी गेली, पंख्याने पाणी उडवले, डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये ओल शिरली, की हजारो व्होल्ट प्लगकडे जाण्याऐवजी ओल्या पृष्ठभागावरून वाट काढतात. कॅप पुसली की गाडी चालते आणि मंडळी निश्चिंत होतात. पण त्या वाटेवर कोळशाची केसासारखी बारीक रेघ उमटलेली असते आणि कोळसा वीज वाहतो. पुढे आभाळ निरभ्र असतानाही, चढावर इंजिनवर ताण आला की ठिणगी त्या रेघेने पळते. ऑक्टोबरच्या उन्हात चढाला मिसिंग मारणाऱ्या गाडीचे मूळ जुलैतल्या पाण्यात असू शकते, आणि गाडी जुलैत कुठे अडकली होती हे मिस्त्रीला मालकाने सांगितले तरच कळते. कॅप उजेडात तिरपी धरून आतून पाहिली तर रेघ दिसते. अंधारात इंजिन चालू ठेवून वायरींवर पाण्याचा हलका फवारा मारला तर पळणाऱ्या ठिणग्या डोळ्यांनी मोजता येतात.

यावर पहिला आक्षेप येईल तो साधा आणि सरळ आहे: कंडेन्सर, पॉइंट, रोटर हे स्वस्त पार्ट, दोन तास तपासत बसण्यापेक्षा बदलून मोकळे व्हावे. झिजणाऱ्या पार्टच्या बाबतीत हे मला मान्य आहे. पॉइंट आणि प्लग ठरावीक अंतराने बदलायचेच असतात, त्यासाठी बिघाडाची वाट पाहू नये. पण ती देखभाल झाली. बंद पडणाऱ्या गाडीवर हाच उपाय लावला तर दोन गोष्टी गृहीत धरल्या जातात: बिघाड त्या पार्टमध्येच आहे आणि नवा पार्ट निर्दोष आहे. पहिली कशी चुकते ते वर आलेच. दुसरीही बेभरवशाची आहे. ज्या गाडीचे उत्पादन थांबून पाव शतक होत आले, तिचा ‘नवा’ कंडेन्सर एकतर कपाटात वर्षानुवर्षे पडलेला असतो किंवा कुणीतरी जमेल तसा बनवलेला. म्हणून चालू अवस्थेतला जुना पार्ट काढलाच तर तो फेकू नये. कोणत्या गाडीतून, कधी आणि का काढला याची चिठ्ठी बांधून डिकीत ठेवावा. रस्त्यात नव्याने दगा दिला तर तोच घरी आणतो.

अलीकडे संशयितांच्या यादीत इथेनॉल वर चढले आहे. देशातल्या पेट्रोलमधले इथेनॉलचे प्रमाण २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर पोचले, आणि साठ-सत्तरच्या दशकातल्या रचनेच्या गाड्या या मिश्रणासाठी बनलेल्या नाहीत. जुन्या प्रतीचे रबर त्यात फुगते किंवा ठिसूळ होते, पंपाचा पडदा कमकुवत होतो, टाकीत वर्षानुवर्षे बसलेला मळ सुटून फिल्टरकडे येतो. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते, त्यामुळे महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत गंज वाढतो. मिश्रण पातळ होऊन इंजिन थोडे जास्त तापते. या तक्रारी खऱ्या आहेत आणि जुन्या गाड्यांच्या मालकांना कमी इथेनॉलचे पेट्रोल उपलब्ध राहावे, ही मागणी मला रास्त वाटते. पण प्रत्येक आचक्याला ‘पेट्रोलच खराब’ म्हणणे ही न तपासण्याची नवी सबब होऊ लागली आहे. इथेनॉलने नुकसान केले असेल तर ते दिसते: नळी बोटांनी दाबल्यावर मऊ लागते किंवा तडकते, फिल्टरमध्ये तांबूस गाळ असतो, पंपाखाली ओल असते. यातले काहीच नसताना आणि डॅशबोर्डवरचा तो बल्ब विझत असताना पेट्रोलला दोष देऊन उपयोग नाही.

दुसरा आक्षेप अनुभवी कारागिरांच्या बाजूने येतो आणि त्याला मी आदराने उत्तर देऊ इच्छितो. काळीपिवळी सांभाळणारे जुने उस्ताद नुसता आवाज ऐकून टायमिंग पुढे आहे की मागे ते सांगत, त्यांना कसला मल्टिमीटर आणि कसले कागद? हे खरे आहे. पण तो कान तयार झाला तो एकाच जातीच्या हजारो गाड्या रोज हाताखालून गेल्या म्हणून. तशा गाड्या आता रोज येत नाहीत. आज पद्मिनीवर हात टाकणाऱ्या पोराला आठवड्यात एखादी मिळाली तरी पुष्कळ, आणि उरलेले उस्ताद थकले आहेत. शिवाय चांगला उस्तादही कानाने अंदाजच बांधत असे. खात्री तो करूनच घेई, वायर हलवून, प्लगचा रंग पाहून, पॉइंट नखाने उघडून. फरक इतकाच की ती खात्री तो चटकन आणि न बोलता करी, म्हणून बघणाऱ्याला ती जादू वाटे. पुढच्या पिढीला हे द्यायचे तर त्यातली पायरी न् पायरी बोलून दाखवावी लागेल. आयटीआयच्या मोटर मेकॅनिकच्या परीक्षेत पार्ट खोलून जोडण्याइतकेच गुण, मुद्दाम लपवलेला बिघाड शोधण्याला आणि तो कसा शोधला हे लिहून दाखवण्याला असावेत, असे मला वाटते.

आणखी एक उपाय सुचवला जातो तो इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा. पॉइंट-कंडेन्सर काढून त्यांच्या जागी छोटे मॉड्यूल बसवायचे आणि कटकट संपवायची. ज्याला गाडी रोज चालवायची आहे त्याने हे जरूर करावे. पॉइंट झिजत नाहीत, फट बदलत नाही, ठिणगी नियमित पडते. मात्र ते शोधाशोध संपल्यावर करावे, शोधाशोधीऐवजी नव्हे. सैल स्विच, तुटकी अर्थपट्टी, बुजलेले झाकण यांवर मॉड्यूलचा काही इलाज नाही. उलट सेल्फ मारताना व्होल्टेज फार पडला तर पॉइंटवर कशीबशी सुरू होणारी गाडी मॉड्यूलवर सुरूच होत नाही, आणि मॉड्यूल मेले तर रस्त्यात घासून चालवण्यासारखे त्यात काही नसते. जुनेपण हीच ज्या गाडीची किंमत, तिथे आणखी एक विचार आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम काढले. त्यात गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी अशी अट आहे, नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे, आणि रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला परवानगी नाही. १९६४ च्या ‘डिलाइट’ने पन्नाशी केव्हाच ओलांडली, पद्मिनी नावाच्या पहिल्या गाड्या नुकत्याच त्या वयाला पोचल्या आहेत. अशा गाडीच्या मालकाने प्रत्येक अडचणीवर एकेक मूळ पार्ट काढून टाकला, तर तो जपतो आहे तरी काय?

काही जण विचारतील की धूर सोडणाऱ्या गाड्यांसाठी एवढा खटाटोप का. त्यांची काळजी योग्य आहे. पण मिसिंग मारणारे इंजिन न जळलेले पेट्रोल धुराड्यातून बाहेर टाकते. ज्याला धुराची चिंता आहे त्याला बिघाड सापडणे हवेच असायला हवे. बोरघाटात वळणावर गाडी एकाएकी बंद पडणे मागून येणाऱ्या ट्रकसाठीही धोक्याचे आहे, आणि सैल जोडात तापणारी वायर आग लावू शकते. शिवाय हा प्रश्न जुन्या गाड्यांपुरता नाही. नव्या गाडीत स्कॅनर लावला की कोड येतो आणि कोडमध्ये ज्या सेन्सरचे नाव दिसते तो सेन्सर बदलला जातो. कोड सांगतो की अमुक सर्किटमधून आलेला संदेश बरोबर नव्हता. सेन्सर गेला, वायर तुटली की तिच्या जोडात पाणी शिरले, हे त्याला माहीत नसते. तिथे बदललेल्या पार्टची किंमत हजारांत असते, एवढाच फरक.

तेव्हा मागणी अशी की गॅरेजच्या बिलात ‘तपासणी’ ही स्वतंत्र ओळ असावी आणि तिचा तासाचा दर आधी ठरलेला असावा. यावर मालक म्हणतील, काही न करता तास लावणाऱ्यांचे फावेल. ती भीती रास्त आहे, म्हणून पैशांच्या बदल्यात कागद मागावा. बॅटरी उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास आहे का, इंजिन वेगात असताना १४ च्या जवळ चढते का, सेल्फ मारताना कितीवर उतरते, अर्थिंगमध्ये किती व्होल्ट खर्च होतात, कॉइलवर पोचणारा व्होल्टेज बॅटरीपेक्षा किती कमी, पॉइंटची फट किती, ठिणगी गार असताना कशी आणि तापल्यावर कशी: हे आकडे ज्या कागदावर असतील त्याचे पैसे द्यावेत, बिघाड सापडला नसला तरी द्यावेत, कारण काय काय नाही हे त्या कागदाने सिद्ध केलेले असते आणि पुढचा मिस्त्री तिथून सुरुवात करू शकतो. मालकाचीही एक बाजू आहे. त्याने गाडीत वही ठेवावी आणि प्रत्येक वेळी बंद पडल्यावर लिहावे: सुरू करून किती मिनिटे झाली होती, टाकीत पेट्रोल किती होते, दिवे किंवा वायपर चालू होते का, चढ होता का, झटक्यात बंद पडली की आचके देत, लाल दिवा लागला का, आणि पुन्हा सुरू होण्यापूर्वी कशाकशाला हात लावला. टाकी निम्म्याखाली गेल्यावरच गाडी बंद पडते असे त्या वहीत दिसले, तर कॉइल बदलायला निघालेला मिस्त्री आधी टाकीचे झाकण उघडेल.